खोडलेली ओळ

१

नऊ नंबरचं झाड होतं तिथे आता फक्त खड्डा होता. खड्डा नीट खणलेला, कडा सरळ, मुळाचा एक तंतूसुद्धा मागे ठेवलेला नाही. इतकं चोख काम बघून खरं तर कौतुक करायचं, पण मालकांच्या अंगाची नुसती आग होत होती.

"बघ," ते मावशीला म्हणाले, "किती मन लावून मारलंय."

मावशी ही मालकांची मेहुणी, त्यांच्या गेलेल्या बायकोची धाकटी बहीण. मालकांचा पुतण्या तिला मावशी म्हणायचा, त्याचं ऐकून गुलाबाची ही सगळी रोपवाटिकाच तिला मावशी म्हणायला लागली होती. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सगळ्यांचे मेल नीट चालतात की नाही हे बघणं, हे तिचं काम. डॉक्टर मेल हरवायचे आणि मशीनने खाल्ला म्हणून बोंब मारायचे. मावशी तो शोधून द्यायची, आणि दहातल्या नऊ वेळा तो डॉक्टरांनी स्वतःच्याच हाताने कचऱ्यात टाकलेला निघायचा. मशीन सांगितलं तेवढंच करतं, प्रश्न एवढाच की सांगितलं कुणी, असं ती म्हणायची. आजवर तिला कुणी खोटं पाडलं नव्हतं, आणि हे तिला चांगलंच माहीत होतं.

नऊ नंबरचा गुलाब तिच्या ताईने तयार केला होता. या फुलाचे पराग त्या फुलावर, असं वर्षानुवर्षं करत शेवटी एक झाड असं आलं की त्याची फुलं जुन्या तांब्याच्या रंगाची आणि काठाला फिकी. झाड एकच. ताई गेल्यावर त्याची काडी तोडून दुसरं रोप करायचा मालकांना धीरच झाला नाही. पाटीवरचा नऊचा आकडाही ताईच्या हातचा होता. यंदा मात्र मालकांनी मनाशी ठरवलं होतं, हंगामाच्या प्रदर्शनात हा गुलाब मांडायचा, ताईच्या नावाने.

"आता टेकडीपलीकडच्या बागवाल्याचं फावलं," मालक म्हणाले. "तोही काहीतरी नवीन तांबूस आणतोय म्हणे."

घडलं ते असं. बागेतल्या पाच झाडांवर रोगाचा संशय होता. मालकांनी पानं तपासायला पाठवली, तेव्हा नऊ नंबर निरोगी निघाला, बाकी चारांत रोग निघाला. मालकांनी माळीबुवांना मेलवर यादी पाठवली, त्यात नऊवर रेघ मारून तो खोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी माळीबुवांनी पाचही झाडं मुळासकट काढून जाळली. मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत बाहेर काढलं आणि आसपासच्या झाडून सगळ्या बागवाल्यांना फोन करून सांगितलं, हा माणूस डूख धरतो, याला दारात उभं करू नका. आठवड्यापूर्वी छाटणीवरून दोघांची खडाजंगी झाली होती, त्याचा सूड म्हणून त्याने हे केलं, असं मालकांचं ठाम मत. संध्याकाळी ते पोलिसांत जाणार होते.

"तो म्हणतो, यादीत नऊ खोडलेला नव्हताच," मालक म्हणाले. "मी म्हणतो, मी स्वतःच्या हाताने खोडला. मेल एक आहे, आणि खोटं बोलणारा मी नाही."

"नसाल," मावशी म्हणाली. "मेल दाखवा."

२

ऑफिसात मालकांच्या टेबलावर, स्क्रीनच्या आडोशाला, एका काचेच्या ग्लासात गुलाब ठेवले होते. पाकळ्या वाळून, तपकिरी होऊन मिटल्या होत्या, कोणतं फूल कोणत्या रंगाचं ते ओळखू येत नव्हतं. पाणी मात्र ताजं होतं आणि देठ हिरवे. पाच देठ, मावशीने नकळत मोजले. दुःखात बुडालेल्या माणसाच्या टेबलावर ताजं पाणी कुठून येतं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला, पण मालकांनी मेल उघडला आणि ती तिकडे वळली.

मेल छोटा होता. खालची झाडं मुळासकट काढून जाळायची, तपासणीत रोग निघाला आहे. मग एकाखाली एक: तीन, सहा, नऊ, अकरा, चौदा. नऊवरून आडवी रेघ गेलेली, स्वच्छ आणि ठसठशीत. शेवटी, हातमोजे घालून जपून करा, कात्री प्रत्येक झाडानंतर धुवा. त्यातला 'जपून' तेवढा ठळक केलेला.

नऊ नको होता तर सरळ काढून का नाही टाकला, असं मावशीने विचारलं. मालकांना प्रश्नच कळला नाही. या घरात खोडायचं असतं, पुसायचं नसतं, हा ताईचा नियम. माणसाने विचार बदलला तर तो बदललेला दिसला पाहिजे. शिवाय नऊवरही संशय आहे हे माळीबुवांना आदल्या दिवशी तोंडी सांगितलं होतं. तो आकडा नुसताच गाळला असता तर त्यांना वाटलं असतं, मालक विसरले. खोडला म्हणजे समजतं, विचार करून सोडलाय.

"आणि कुदळ मारण्याआधी त्याने मला फोनही केला," मालक म्हणाले. "यादीत आहे तसंच करू ना, म्हणाला. मी म्हटलं, अगदी तसंच."

"नऊचं नाव कुणी काढलं नाही?"

"यादी होती की दोघांसमोर."

माळीबुवा ज्यावर मेल बघायचे ते मशीन, एक जुना कॉम्प्युटर, अवजारांच्या शेडमध्ये होतं. झाडं जळली त्याच सकाळी मालकांनी शेडला नवं कुलूप ठोकलं होतं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती, तेव्हापासून आत कुणी गेलं नव्हतं. कुदळी, नळीची वेटोळी, खताचा वास, आणि कोपऱ्यात ते जुनं मशीन. मावशीने तोच मेल उघडला.

शब्द तेच, क्रम तोच. फक्त अक्षरं सगळी एकसारखी, बारीक, एका मापाची. तीन, सहा, नऊ, अकरा, चौदा. नऊवर रेघ नाही. शेवटच्या ओळीतला 'जपून' ठळकही नाही, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक चांदणी होती, *जपून* अशी.

"बघ," मालक म्हणाले. "पुसलीन रेघ चोराने."

मावशीने मेल आतून उलगडून बघितला, मग मशीनच्या दोनचार खिडक्या उघडल्या आणि बराच वेळ एकीसमोर थांबली. मग ती हात झटकून उठली.

"भाऊजी, हा मेल कुणीही बदललेला नाही."

"म्हणजे मी खोटारडा."

"तुम्हीही नाही. कुलूप लावा. आणि इथे काय दिसलं ते आत्ता कुणाला सांगू नका, अगदी घरातल्यांनासुद्धा."

३

ऑफिसबाई सगळ्या रोपवाटिकेचा पत्रव्यवहार सांभाळायच्या, आणि त्यांना मालकांचा पासवर्ड माहीत होता. त्याशिवाय काचघराचं दार उघडं ठेवल्यावरून माळीबुवांनी त्यांची एकदा तक्रार केली होती, ती त्या विसरलेल्या नव्हत्या. संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. मावशी समोर बसताच त्यांनी स्वतःच सगळं ओकायला सुरुवात केली.

हो, पासवर्ड त्यांना माहीत होता, पण यादी मालकांनी स्वतः लिहिली, त्यांचा हात लागला नाही. झाडं जळल्यावर मालकांनी सगळ्यांना आपल्या स्क्रीनसमोर उभं केलं, तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा बघितली. नऊ स्पष्ट खोडलेला होता. 'जपून'सुद्धा ठळक होता, आंधळ्यालाही दिसेल असा. शेडची जुनी किल्ली त्यांच्याकडे होती, पुतण्याकडेही होती, तो माणूस घरचाच. माळी खडूस होता, पण झाडावर राग काढणारा नव्हता, असंही त्यांनी आपणहून सांगून टाकलं.

"माझ्या मेलबद्दल मात्र बोलतील तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मी कुणालाही मेल केला की त्याला एक भलतीच फाइल चिकटते. कुणाला उघडत नाही. त्याच दिवशी मी माळ्याला पाणी सोडण्याच्या वेळा पाठवल्या, तर त्या मेललाही चिकटली. पुतण्या तर मला विषकन्याच म्हणतो."

मावशीने त्यांचा मेलचा प्रोग्रॅम बघितला आणि तिला हसू आलं. प्रोग्रॅम जुना होता, ऑफिसबाईंइतकाच आपल्या मतांना घट्ट धरणारा. तो मेल रिच टेक्स्टमध्ये पाठवायचा. रंग, ठळक अक्षरं, रेघा, सगळा थाट असतो, पण तो थाट तो आपल्याच पद्धतीने एका पेटीत भरतो, आणि त्या पेटीची किल्ली फक्त त्याच्या भाऊबंदांकडे असते. दुसऱ्याच्या मशीनवर पेटी पोचते, उघडत मात्र नाही. नुसता मजकूर दिसतो आणि खाली ती बंद फाइल लटकते. विष वगैरे काही नाही. माळीबुवांच्या पेटीत निघाल्या असत्या त्या पाण्याच्याच वेळा, निळ्या अक्षरांत.

"मग मी सुटले का?" ऑफिसबाईंनी विचारलं.

"पेटीच्या आरोपातून सुटलात," मावशी म्हणाली. "शेडची किल्ली होती, हे राहिलंच."

ऑफिसबाईंचं तोंड पडलं. जाता जाता त्या दारात थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की बोलू की नको असं त्यांना दोन दिवस होतंय. टेकडीपलीकडच्या बागवाल्याचा फोन हल्ली वारंवार येतो. पूर्वी तो मालकांशी भांडायला फोन करायचा. आता पुतण्याला मागतो, आणि भांडत नाही.

४

पुतण्या काचघरात रोपांच्या कुंड्या मोजून घेत होता. देखणा, बोलका, कामाला वाघ. काकू गेल्यावर विक्रीचं सगळं त्यानेच ओढलं होतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही याची एक बारीकशी सल त्याच्या बोलण्यात होती. मावशीला तो मनापासून आवडायचा. म्हणूनच आज तिला त्याच्याशी बोलणं जड जात होतं.

त्याने माळीबुवांची बाजू घेतली, आणि तीही अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढं मोठं मन. म्हातारा थकलाय, डोळे अधू झालेत, चूक झाली असेल, काकांनी पोलिसांत जाऊ नये. आणि चूक नसेलच तर ऑफिसबाईंची ती न उघडणारी फाइल बघा, त्याच दिवशी त्याच मशीनवर पोचली होती. तिने काय काय उलथापालथ केली असेल, सांगता येत नाही.

"शेडमधलं मशीन तूच बसवलंस ना?" मावशीने विचारलं.

"बसवलं, त्याला जमाना झाला. या महिन्यात तर मी शेडमध्ये पायसुद्धा ठेवलेला नाही, प्रदर्शनाच्या धावपळीत वेळ कुणाला आहे?"

"मग यादी तू कुठे बघितलीस?"

"काकांच्याच स्क्रीनवर. सगळं जळून गेल्यावर त्यांनी दाखवली, सगळ्यांना. काकांनी तरी आणखी काय करायचं, मावशी? 'जपून' शब्दाला दोन्ही बाजूंनी चांदण्या लावल्या होत्या त्यांनी. इतकं करूनही माणूस चुकत असेल तर काय बोलायचं."

मावशीने एक कुंडी उचलून जागेवर ठेवली, मग उगाच दुसरी उचलली. आपण ऐकलं ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. एकदा तिने मनातल्या मनात त्याच्यासाठी पळवाटही शोधून बघितली. सापडली नाही.

"संध्याकाळी ऑफिसात ये," ती म्हणाली. "काका पोलिसांत जायच्या आधी सगळे एकदा बसू."

"येतो की," तो म्हणाला, आणि पुन्हा कुंड्या मोजायला लागला.

५

माळीबुवा लेकीकडे होते. दोन खोल्यांच्या त्या घरात ते खिडकीशी बसून एका मोडक्या खुर्चीचा पाय ठोकत होते. हाताला काम नसलं की ते आजारी पडतात, असं लेक म्हणाली. दोन बागवाल्यांनी नुसतं त्यांना बघून फाटक लावून घेतलं होतं. तिसऱ्याकडे ते गेलेच नाहीत.

ते बोलायला तयार नव्हते. मालकांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण मालकांनी विचारलंच नाही, थेट सुनावलं. उभा जन्म ज्या बागेत घालवला तिथल्या माणसाला आपण असे वाटलो, मग आता काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं. मावशीने वाद घातला नाही. तिने एकच विचारलं, यापूर्वी मालकांनी यादीत काही खोडलं तर ते त्यांना मशीनवर दिसायचं का?

"दिसायचं की. मागच्या छाटणीच्या यादीत दोन खोडली होती, ती मी ठेवली. बघा जाऊन, उभी आहेत."

"मग हल्ली काय झालं?"

"हल्ली एका सकाळी गेलो तर मेलमधली अक्षरं सगळी बारकी आणि सारखीच. रंग नाही, काही नाही. मला वाटलं, माझ्यासारखं मशीनही म्हातारं झालं. पण मेल भराभर उघडायचे, म्हणून मी तक्रार केली नाही." ते जरा थांबले. "नऊ दिसला तेव्हा हात चालेना, मावशी. म्हणून तर फोन केला. मालकीणबाईंचं झाड, उगाच कोण तोडेल. मालक म्हणाले, अगदी यादीत आहे तसंच. मग वाटलं, त्यांच्या काळजावर दगड आहे, आपण नाव काढून तो हलवायला नको."

मावशीने मान हलवली. त्या एका फोनमध्ये दोघं एकमेकांना जपत होते आणि नेमकं तेच नडलं. ती उठली, दाराशी गेली आणि काहीतरी आठवून मागे वळली.

"मालकांच्या टेबलावरची ती फुलं तुमची का?"

"बाईंची रीत होती," माळीबुवा म्हणाले. "झाड काढावं लागलं तर त्याचं शेवटचं फूल टेबलावर ठेवायचं, लांब देठासकट. प्रत्येकाचं एक. त्या दिवशीही सकाळीच नेऊन ठेवली, मालक यायच्या आत. नंतर सगळा गोंधळ झाला."

मावशी दारातच उभी राहिली.

"संध्याकाळी या," ती म्हणाली. "आणि येताना तुमचा कलमाचा, डोळे भरायचा चाकू आणा."

६

ऑफिसात मालक, पुतण्या आणि ऑफिसबाई बसले होते. माळीबुवा आत यायला तयार नव्हते, ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. मालकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण हाकलूनही दिलं नाही.

मावशीने पुतण्याला विचारलं, यादी कशी दिसत होती ते पुन्हा एकदा सांग. त्याने सांगितलं, नऊवर रेघ, आणि 'जपून'च्या दोन्ही बाजूंना चांदण्या. मग तिने ऑफिसबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नऊवर रेघ, आणि 'जपून' ठळक. चांदण्याबिंदण्या काही नव्हत्या. मावशीने मालकांचा स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला.

चांदण्या नव्हत्या.

"शब्दांत काय एवढं," पुतण्या म्हणाला. "आठवणीत गडबड झाली असेल."

"झाली असती, तर जी गोष्ट कुठेच नाही ती आठवली असती," मावशी म्हणाली. "चांदण्या आहेत. या जगात एकाच ठिकाणी आहेत."

मग तिने समजावून सांगितलं, हॉस्पिटलात डॉक्टरांना सांगायची तसं, न चिडता. आपण मेल पाठवतो तेव्हा पाकीट एक जातं, पण आत बहुतेक वेळा त्याच मजकुराच्या दोन प्रती असतात. एक नटलेली, तिला एचटीएमएल म्हणतात. तिच्यात अक्षरांबरोबर सूचनाही असतात, हा शब्द ठळक दाखव, याला रंग दे, यावर रेघ मार. दुसरी साधी, प्लेन टेक्स्ट. तिच्यात नुसती अक्षरं, अंगावर दागिना नाही. समोरचं मशीन दोन्हींतली एकच दाखवतं, आणि कोणती ते त्याला सांगून ठेवलेलं असतं. साध्या प्रतीत ठळक अक्षर लिहिताच येत नाही, म्हणून पाठवणारा प्रोग्रॅम त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावतो. खोडलेल्या शब्दासाठी मात्र तो काहीच करत नाही. रेघ गळून पडते आणि शब्द धडधाकट उभा राहतो.

"म्हणजे मी खोडला," मालक सावकाश म्हणाले, "आणि त्याला तो खोडलेला दिसलाच नाही."

"तुम्ही दोघंही खरं बोलत होतात, भाऊजी. एकाच पाकिटातली एक प्रत तुमच्यासमोर होती आणि एक त्यांच्यासमोर. इथवर हा नुसता अपघात वाटतो. मलाही शेडमध्ये तसंच वाटलं. पण मागच्या छाटणीच्या वेळी माळीबुवांना खोडलेलं दिसत होतं. मधल्या दिवसांत कुणीतरी त्यांच्या मशीनला सांगितलं, यापुढे साधी प्रतच दाखव. ती खिडकी उघडून एक खूण करायची, बस, इतकंच काम आहे. ज्याने ते केलं त्याला तुमची खोडायची रीत माहीत होती, आणि तपासणीचा निकाल यायचाय हेही माहीत होतं."

"किल्ली यांच्याकडेही होती," पुतण्याने ऑफिसबाईंकडे बोट दाखवलं.

"होती. पण त्यांना 'जपून' ठळक दिसला, कारण त्यांनी यादी फक्त इथे बघितली. चांदण्या शेडमधल्या मशीनवरच आहेत. मेल माळीबुवांच्या एकट्याच्या नावाने गेला, आणि झाडं जळली त्या सकाळपासून शेडला काकांचं नवं कुलूप आहे. म्हणजे तू तो मेल शेडमध्ये बघितलास, आणि झाड जळण्याआधी बघितलास. रेघ खरंच गळली की नाही ते तपासायला गेला होतास. गळली होती. तू गप्प राहिलास."

पुतण्याच्या चेहऱ्यावरचा तो हसरा आत्मविश्वास हळूहळू उतरला आणि खालून एक थकलेला पोरगा वर आला.

"टेकडीपलीकडच्याला काड्या दिल्यात मी," तो म्हणाला. "मागच्या हंगामात. तो मला भागीदार करणार होता. काका, तुम्ही त्या झाडाचं काहीच केलं नाहीत. लावलंत नाही, विकलंत नाही, कुणाला दाखवलंत नाही. नुसते त्याच्यापुढे उभे राहायचात. बाग मी चालवली, आणि रोज तुम्ही तोंडातून काढायचात नाव माळ्याचं. मग तुम्ही ते प्रदर्शनात मांडायचं ठरवलंत. मूळ झाड इथे उभं, त्यावर काकूंच्या हातची पाटी, मग तोच गुलाब तो स्वतःचा नवीन म्हणून कसा मांडणार? झाड जायला हवं होतं. माणूस जायला नको होता."

"माणूस गेला," मावशी म्हणाली. "आणि तू त्याची बाजू घेत बसलास."

मालक उठले. मावशीला वाटलं ते हात उगारतील, पण ते नुसते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले की पुतण्याने आत्ताच्या आत्ता टेकडीपलीकडे जावं आणि त्या बागवाल्याला सांगावं, प्रदर्शनात तो गुलाब कुणाचा म्हणून मांडायचा ते आपण समोरासमोर बोलू, नाहीतर पोलिसांसमोर बोलू. पुतण्या गेला. त्याच्या मोटारीचा आवाज विरेपर्यंत मालक हलले नाहीत.

"तरी तिचं झाड गेलंच," ते म्हणाले. "आता माझा गुलाब मला त्या माणसाकडे मागायला जावं लागणार."

७

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली आणि टेबलावरचा ग्लास उचलून त्यांच्यासमोर धरला. "भाऊजी, किती फुलं आहेत?"

"चार असतील. चारच झाडं आजारी होती." मालकांनी अजूनही नीट बघितलं नव्हतं. तो ग्लास कुणी ठेवला हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तो स्क्रीनमागे सरकवला होता.

"मोजा."

त्यांनी मोजली. मग पुन्हा मोजली, आणि खाली बसले.

पाणी ऑफिसबाई बदलत होत्या. फुलं माळ्याची असली तरी तहानेने मारायची कशाला, असं त्या कुणीही न विचारता म्हणाल्या. मावशीने दाराकडे बघून हाक मारली तेव्हा माळीबुवा आत आले. त्यांनी पाचही देठ हातात घेतले, पाकळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, काट्यांवरून अंगठा फिरवला आणि एक वेगळा काढला. त्याचे काटे तांबूस होते आणि पानांच्या बेचक्यांत तीन डोळे, फुटायच्या बेतातले कोंब, फुगीर आणि हिरवे.

"हा बाईंचा," ते म्हणाले. "यात जीव आहे."

काचघरात कलम बांधायची खुंटरोपं तयार होती. माळीबुवांनी पहिल्या खुंटाच्या सालीला चाकूने चीर दिली, देठावरचा एक डोळा सालीच्या चकतीसकट उचलला आणि चिरेत अलगद सरकवला. पट्टी गुंडाळायला त्यांना तिसरा हात हवा होता, तो मालकांनी पुढे केला. दोघं तीन खुंटांवर तीन डोळे भरत राहिले. जगतील का, असं मावशीने विचारलं, तेव्हा माळीबुवा म्हणाले, तीन आहेत, एक तरी ऐकेलच.

काम संपल्यावर मालक माळीबुवांकडे वळले. मालकांना माफी मागायची सवय नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"त्या दिवशी मी जे बोललो," ते म्हणाले, "ते खोडलं असं समजा, माळीबुवा."

माळीबुवांनी चाकू पुसला, मिटला आणि खिशात ठेवला.

"आमच्याकडे खोडलेलं दिसत नाही, मालक," ते म्हणाले. "नवीन लिहा."

मालकांनी खिशातून शेडची किल्ली काढून माळीबुवांच्या हातात ठेवली, दुसऱ्या खिशातून फोन काढला आणि ज्या बागवाल्याला पहिला फोन केला होता त्यालाच लावला. माळीबुवा समोर उभे होते, मालक बाजूला गेले नाहीत.

"मी परवा तुम्हाला आमच्या माळीबुवांबद्दल सांगितलं होतं," ते म्हणाले. "ते खोटं होतं. चूक माझी होती. हो, ऐकताय ते बरोबर आहे." त्यांनी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.